कोरड्या जुलैतला ‘रेनी डे’: सोलापुरातल्या शाळा चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहरातल्या बालवाड्या, नर्सरी-केजी आणि प्राथमिक शाळा चालवणारे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी नात शाळेतून आली ती निळा फ्रॉक घालून, हातात कागदाची छत्री घेऊन. ती सिनियर केजीत आहे. शाळेत ‘रेनी डे’ होता. हॉलचे पडदे ओढून, स्पीकरवर पावसाचा आवाज लावून, एका टीचरनं स्टुलावर उभं राहून झारीनं मुलांच्या छत्र्यांवर पाणी शिंपडलं. मुलं नाचली, फोटो निघाले, संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर आले. मुलांना मजा आली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मग तिनं दप्तरातून वर्कशीट काढलं. वर ‘आजचं हवामान’ असं छापलेलं, खाली चार चित्रं: सूर्य, ढग, पाऊस आणि बर्फ. पावसाच्या चित्राभोवती तिनं गोल केला होता. त्यावर बरोबरची लाल खूण होती आणि शेजारी एक चांदणी.

त्या दिवशी आपल्याकडे पावसाचा थेंब पडला नव्हता. त्याआधीचे दोन आठवडेही नव्हता. दिवसभर भणभण वारा, वरून ढग नुसते पळतायत आणि रस्त्यावर धूळ, असा आपला नेहमीचा जुलै. मी विचारलं, “बाळा, आज पाऊस कुठं पडला गं?” ती म्हणाली, “आजी, हॉलमध्ये पडला. बाहेरचं नाही लिहायचं. टीचर म्हणाल्या सगळ्यांनी पावसालाच गोल करा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी ३१ वर्षं पूर्व भागातल्या एका शाळेत बालवाडी आणि पहिली-दुसरीला शिकवलं. आता निवृत्त आहे. माझ्या शाळेचं किंवा नातीच्या शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एका शाळेपुरतं नाही. गेल्या काही वर्षांत ज्या ज्या शाळेत गेले, तिथं थोड्याफार फरकानं हेच पाहिलं. त्या तरुण टीचरलाही मी दोष देत नाही. तिला वर्षाचं प्लॅनर छापून येतं, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ‘रेनी डे’ असं त्यात लिहिलेलं असतं आणि फोटो पाठवले नाहीत तर तिलाच बोलणी बसतात. हे प्लॅनर आपण विकत घेता, म्हणून मी आपल्याशी बोलते आहे.

या गोष्टीत माझा जीव का अडकलाय, तेही सांगते. १९७२ला मी पाच वर्षांची होते, म्हणजे माझ्या नातीएवढी. आमचं गाव मोहोळ तालुक्यात. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची भाकरी, शाळेत सुकडी हा कोरडा पोषक खाऊ. आमचे आप्पा पहाटे ओसरीवरून मातीची चिमूट सोडून वारा बघायचे. त्या वर्षातली दोन वाक्यं मला अजून ऐकू येतात, ‘वारा फिरला’ आणि ‘आभाळ हटलं’. मला अक्षर येत नव्हतं, पण ढग कुठल्या बाजूनं आला म्हणजे आईचा चेहरा बदलतो हे येत होतं. पाच वर्षांच्या मुलाला आभाळ कळत नाही असं कुणी म्हटलं, तर मला ते खरं वाटत नाही.

आणि आपलं सोलापूर हे काही कुठलंही गाव नाही. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि आपलं बरंचसं पाणी तिथंच सांडतात. घाट उतरून आपल्याकडे येईपर्यंत ते वारे तापलेले आणि कोरडे झालेले असतात. महाबळेश्वर इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नाही. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आपल्या जिल्ह्यात पाचशे-साडेपाचशे. म्हणून जुलैत आपल्या डोक्यावरून ढग पळतात आणि बरसत नाहीत. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा-हस्ताचा, विजा घेऊन संध्याकाळी येणारा. त्याच्या ओलीवर मंगळवेढ्याची ज्वारी उभी राहते. हे न बरसणारे ढग समजून घ्यायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात इथं आले. त्यांनी रडार लावलं, विमानं ढगांमध्ये नेली, काही ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून पाऊस वाढतो का ते तपासलं. ज्या ढगांसाठी शास्त्रज्ञ विमानं घेऊन सोलापूरला आले, तेच ढग शाळेच्या खिडकीबाहेरून जात होते आणि आमची मुलं पडदे ओढलेल्या हॉलमध्ये होती.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी त्या लाल खुणेची आहे. मुलानं जे पाहिलं नाही ते लिहायला लावायचं आणि वर चांदणी द्यायची, याला मी शिकवणं म्हणू शकत नाही. हवामान हा लहान मुलाच्या आयुष्यातला असा विषय आहे की त्याचं उत्तर पुस्तकात नसतं, बाईंकडेही नसतं. ते दाराबाहेर असतं. मूल बाहेर जाऊन बघतं, येऊन सांगतं आणि त्याचं बरोबर असतं. साडेचार-पाच वर्षांच्या मुलाला ‘मी पाहिलं म्हणून मला माहीत आहे’ असं म्हणायची संधी दुसऱ्या कुठल्या विषयात इतक्या सहज मिळते? तीच आपण काढून घेतली. माझी नात हुशार आहे. तिला दोन दिवसांत कळलं की बाहेरचं वेगळं आणि लिहायचं वेगळं.

दुसरी तक्रार पत्र्याची. आमच्या शाळेचं मधलं पटांगण उघडं होतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यावर शेड टाकलं. कार्यक्रमाला सोय होते, उन्हापासून बचाव होतो, असं सांगण्यात आलं. मार्च-एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली काय भट्टी होते ते तिथं उभं राहून बघावं. कडुलिंब होता तेव्हा असं नव्हतं. परिपाठ आता वर्गातच, स्पीकरवर. मूल रिक्षातून उतरतं, वर्गात जातं, वर्गातून रिक्षात बसतं. चार तासांत त्याच्या डोक्यावर आभाळ म्हणून येतच नाही.

आणि त्या शेडच्या कामात आमची पावसाची दोरी गेली. ती काय होती, हे मला नीट सांगू द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पटांगणाच्या मध्यात, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, सरळ कडांचा एक बिस्किटाचा डबा ठेवायचो. खाली निमुळती होणारी बाटली चालत नाही, माप चुकतं. हे मी पहिल्या वर्षी चुकून शिकले. हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून आम्हीही साडेआठलाच मोजायचो. ‘आपण आणि मोठी वेधशाळा एकाच वेळी मोजतो’ याचं मुलांना फार अप्रूप. ज्याची पाळी असेल तो कोरडी काडी डब्यात उभी धरायचा. जिथपर्यंत काडी ओली, तेवढी चिंधी कापायची. चिंध्यांना आपल्याकडे काय तोटा? पोरांचे आई-बाप यंत्रमागावर, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत. किनारीच्या पट्ट्या पिशव्या भरून यायच्या. ती चिंधी त्या दिवसाच्या जागी दोरीला बांधायची. पाऊस नसेल तर नुसती गाठ मारायची.

जूनमध्ये दोन-चार चिंध्या. जुलैत गाठीच गाठी, मध्ये एखादी नखाएवढी चिंधी. ऑगस्टही तसाच. आणि सप्टेंबरात एका रात्री पाऊस असा यायचा की सकाळी काडी धरणारं पोर ओरडत यायचं, “बाई, आज चिंधी पुरायची नाही!” दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही दोरी पूर्ण उलगडायचो. एका वर्षी दुसरीतला एक मुलगा तिच्याकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “बाई, पाऊस जुलैत येतो असं गाण्यात आहे, पण दोरीत नाही.” मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा मुलूख, हा शब्द तो पुढं कधीतरी पुस्तकात वाचेल, तेव्हा त्याला ती दोरी आठवेल.

त्याच डब्यापाशी दुसऱ्या एकीनं विचारलं होतं, “डब्यात पाणी नाही, मग नळाला कुठून येतं?” तिच्या घरी चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे प्रश्न खरा होता. मग उजनी आली, भीमा आली, आपलं धरण भीमाशंकरकडच्या पावसानं भरतं हे आलं. तो पाठ मी आखला नव्हता, डब्यामुळे निघाला.

तिसरी तक्रार तक्त्यांची. भिंतीवर स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. ऑटमला लाल पानं, विंटरला बर्फाचा माणूस. ते दुसऱ्या मुलखातलं खरं आहे, मुलांनी जरूर बघावं. पण आमच्या मुलांचा उन्हाळा ४३-४४ अंशांचा असतो, तो कुठल्या तक्त्यात आहे? चैत्र-वैशाखातला वळीव, तापलेल्या फरशीवर पहिल्या थेंबांचा उठणारा वास, दुपारी वावटळीत फिरणारी प्लॅस्टिकची पिशवी, मृग लागला की आजी करते ती लगबग, हस्तात पाटावर काढायचा हत्ती, थंडीत सकाळी हिप्परग्याच्या तलावावरचं धुकं? मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात यातलं काही नव्हतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर वासराची भाकणूक होते, म्हणजे वासराच्या वागण्यावरून येत्या पावसाचं भाकीत सांगतात, ती पोरं दर संक्रांतीला ऐकतात. एका मुलीनं विचारलं, “बाई, वासराला पाऊस का विचारतात?” भाकणूक श्रद्धेची गोष्ट आहे, तिची परीक्षा घ्यायला मी बसले नाही. मी एवढंच सांगितलं, की या गावाला पावसाची इतकी काळजी आहे की देवाच्या जत्रेतही तो विचारला जातो. तिनं मान डोलावली आणि डबा जूनमध्ये कधी ठेवायचा ते विचारलं.

भाषेचंही तेच. माझ्या वर्गात ढगाला चार शब्द होते. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली मुलं ‘मब्बु’ म्हणायची, कन्नड घरातली ‘मोड’, उर्दूवाली ‘बादल’ आणि बाकीची ‘ढग’. एकदा भरून आलं तेव्हा एक चिमुरडी खिडकीतून ओरडली, “मळे बंतु, मळे बंतु!” बाकीची पोरं विचारायला लागली, कुठला मळा? कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकानं पावसाला चार नावांनी हाक मारली, तेलुगूतल्या ‘वाना’नंही. आता फक्त ‘क्लाउडी’ आणि ‘रेनी’. इंग्रजी शब्द शिकवा, माझी ना नाही. पण आधी घरातला शब्द तोंडातून निघू द्या.

ग्रहणाबद्दल थोडक्यात. २६ डिसेंबर २०१९च्या सकाळी सूर्यग्रहण होतं, आपल्याकडून खंडग्रास दिसणारं. आमच्या शाळेत खिडक्या लावून मुलांना आत बसवण्याचा आदेश निघाला. मी पुऱ्या तळायचा झारा घरून नेला होता. सूर्याकडे पाठ करून झारा उन्हात धरला की जमिनीवर प्रत्येक भोकातून एकेक छोटा सूर्य पडतो आणि ग्रहणात तो चंद्रकोरीसारखा दिसतो. डोळ्यांना काहीही धोका नाही, कारण बघायचं जमिनीकडे. परवानगी मिळाली नाही. झारा पिशवीतच राहिला. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका हे मुलांना सांगायलाच हवं, पण कोंडून ठेवल्यानं ती फक्त आभाळाला भ्यायला शिकतात.

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. एका बाईंकडे ४५ मुलं, जागा कमी, पोरगं जरा शिंकलं की दुसऱ्या दिवशी पालक दारात. विजांची भीती तर खरीच आहे, आणि म्हणूनच ती शिकवायला हवी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर घरात जायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही. पाच वर्षांचं मूल तीसपर्यंत मोजतं. मोठ्यांसाठी पुण्याच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेचं, विजांची सूचना देणारं दामिनी ॲप आहे, ते प्रत्येक मुख्याध्यापकाच्या फोनमध्ये असावं.

माझ्या मागण्या फार खर्चाच्या नाहीत.

रोज दहा मिनिटं बालवाडी ते दुसरीची मुलं उघड्या आभाळाखाली न्यावीत. उन्हाळ्यात सकाळी लवकर, विजा असतील तेव्हा अजिबात नाही. मोठं मैदान लागत नाही. गच्ची चालेल, फाटकापुढची जागाही चालेल. वारा कुठून येतोय ते काठीला चिंधी बांधून बघायचं. दिशा रस्त्यांनी शिकवायच्या: बार्शीकडे उत्तर, हैदराबादकडे पूर्व, विजापूरकडे दक्षिण. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी पश्चिमेला फिकट चंद्र असतो, तो दाखवायचा. माझ्या वर्गातलं एक पोर तो बघून म्हणालं होतं, “बाई, हा अजून घरी गेला नाही!”

‘आजचं हवामान’ या रकान्यात मुलानं स्वतः पाहिलेलं लिहावं. चाळीस मुलांची उत्तरं वेगळी आली तर वेगळी राहू द्यावीत, कारण सकाळी रिक्षात बसलेल्याला ऊन लागलं असेल आणि दुसऱ्याला ढग दिसला असेल. त्यावर बोलायचं. ‘रेनी डे’ करायचाच असेल तर तो पाऊस पडेल त्या दिवशी करावा, मग तो २० सप्टेंबरला का येईना.

नवं शेड घालताना पटांगणाचा एक तुकडा, निदान दहा बाय दहा फुटांचा, उघडा सोडावा. संस्थेच्या बैठकीत तसा ठराव करावा आणि पालक सभेत वाचून दाखवावा. भिंतीवर आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्या-हिवाळ्याचा तक्ता मुलांच्या हातानं करून लावावा. विकतचा त्याच्या शेजारी राहिला तरी चालेल. महिन्यातून एकदा कुणाचे तरी आजी-आजोबा वर्गात बोलवावेत, विशेषतः ज्यांनी शेती केली आहे. आणि ग्रहणाच्या दिवशी खिडक्या लावून घेण्याचा आदेश पुन्हा काढू नये.

शेवटी एक तारीख. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या १०-११ तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, ऑगस्टमध्ये नसते. या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्याकडे भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, एरवी उत्तरेला. डिसेंबरच्या अखेरीस मीटरभर उंचीच्या मुलाची दुपारची सावली ८७ सेंटिमीटर भरते, जूनमध्ये जेमतेम १०. आम्ही ती खडूनं आखायचो. जूनचं पोर आपल्या पायांपाशी बघून घाबरायचं, “बाई, माझी सावली कुणी घेतली?”

येत्या ऑगस्टच्या १, २ आणि ३ तारखेला दुपारी सव्वाबारा ते पाऊण या वेळात मी मोकळी आहे. आपल्यापैकी जी शाळा बोलावेल तिथं येईन, कुठलंही मानधन नको. काठी आणि खडू मी आणीन. ढग आले तर मुलांना ढग दाखवीन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन. आपण फक्त मुलांना बाहेर सोडा.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका आणि आजी
सोलापूर